रिकाम्या मुठीचा पुतळा

बुलढाणा
९ नोव्हेंबर

आदरणीय भालचंद्र सर,
सप्रेम जयभीम.

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तुम्ही "बाळ, जरा शांत हो" म्हणता आणि मी लगेच आठवीतली समता होऊन "हो सर" म्हणून बसते. कागदावर तुम्हाला मला मध्येच थांबवता येणार नाही.

काल घरी पांगरखोपला जाताना मी तुमच्या देऊळगाव राजाच्या अलीकडे बसमधून उतरले. प्रसेनजितचा पुतळा तयार होत आलाय असं बाबा म्हणाले होते, म्हणून मूर्तिकाराच्या शेडमध्ये गेले. सर, तुम्ही स्मारक समितीचे अध्यक्ष आहात. तुम्ही तो पुतळा पाहिलाय का? अंगात हिरवी वर्दी, डोक्यावर फौजेची टोपी, पायांत पोटरीपर्यंत बूट, ओठावर झुपकेदार मिशी आणि हातात बंदूक. माझ्या भावाला चोविसाव्या वर्षीही धड मिशी फुटली नव्हती. आई त्यावरून त्याला चिडवायची. कान तेवढे त्याचे आहेत, बाहेर आलेले. त्या कानांमुळे मी ओळखलं, आणि तिथंच खाली बसले.

मूर्तिकार म्हणाला, "ताई, जवान म्हटला की बंदूक आलीच. आपल्या जिल्ह्यात सगळीकडे हाच साचा दिलाय." त्याचा राग नाही आला. त्यानं फौजीच पाहिलेत. आपल्याकडे गावोगाव फौजी आहेत, दर्यात गेलेला एखादाच. पण समितीत शिकलीसवरलेली माणसं आहेत ना? प्रसेनजित पाणबुडीत होता, सर. पाण्याच्या पोटात, इंजिनाशेजारी. तिथं बंदूक घेऊन काय मासे मारणार होता?

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती पाणबुडी पाण्याखाली गेली आणि वर आली नाही. जहाजं फिरली, विमानं फिरली, मग कागद आला की सगळ्यांना मृत मानण्यात येत आहे. नेमकं काय झालं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. शोधणाऱ्यांनी शोधलं, त्यांना मी दोष देत नाही. समुद्रावर मला रागावता येत नाही, तो लांब आहे. जे हाताशी आहेत त्यांच्यावरच रागावणार.

बंदूक काढा. मिशी काढा. तेवढं झालं की मी गप्प बसेन.

समता वाकोडे


देऊळगाव राजा
१७ नोव्हेंबर

चि. समता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वासंतीने मला मोठ्याने वाचून दाखवले. माझ्या डोळ्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे. वाचून झाल्यावर तीच मला म्हणाली, "पोरगी बरोबर बोलतेय. अध्यक्ष झालात, हार घालून घेतलेत, पुतळा बघायला का नाही गेलात?" म्हणजे घरचा आहेरही मिळाला. दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून शेडवर गेलो. मिशी निघाली. वर्दी पांढरी रंगवायला सांगितली. बंदूकही काढली, पण एक अडचण उभी राहिली. मूठ साच्यातच वळलेली आहे, मध्ये भोक. ती उघडायला गेलो तर मनगट जाईल, असे मूर्तिकार म्हणतो. रिकामी मूठ वाईट दिसते. त्यात झेंडा द्यावा असे समितीतल्या अर्जुनरावांचे मत आहे. तुझ्या मनात काही असेल तर कळव.

मला आपला तो पाचवीतला प्रसेनजित आठवतो. भूगोलाच्या तासाला मी समुद्र शिकवत होतो. पृथ्वीवर तीन भाग पाणी, असे फळ्यावर लिहिले, तर तो उठून म्हणतो कसा, "सर, तिथं पान्याले नंबर लावा लागते का?" सगळा वर्ग पोट धरून हसला. मलाही हसू आवरेना. तोच मुलगा पुढे समुद्रात गेला, याचा मला केवढा अभिमान वाटतो ते काय सांगू. भाषणात हा किस्सा सांगणार आहे.

आता एक लहानसा बदल. पुतळा बसथांब्याच्या चौकात बसवायचे ठरले होते, पण तिथे पुढेमागे रस्ता रुंद होणार असे हिंमतरावांनी बैठकीत निदर्शनास आणले. ते जुने सरपंच, त्यांना या गोष्टी कळतात. म्हणून तुमच्या वस्तीत, विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत बसवावा असे सर्वानुमते ठरले. तुमच्याच माणसांच्या डोळ्यांसमोर राहील, निगाही चांगली राहील. आम्ही तुझ्या आईला, सिंधूताईंना, घरी जाऊन विचारले. त्यांनी चहा दिला आणि संमतीही दिली. समारंभ सव्वीस जानेवारीला.

रागावू नकोस. गाव एकत्र आले आहे, हे काय थोडे आहे?

तुझा,
भालचंद्र सर


बुलढाणा
२० नोव्हेंबर

सर,
जयभीम.

लहानसा बदल?

बातमी आली त्या दिवशी चौकात किती बॅनर लागले होते, आठवतं? "पांगरखोपचा वीरपुत्र." हिंमतरावांचा फोटो केवढा आणि माझ्या भावाचा केवढा, तेही आठवतं का? दोन दिवस टीव्हीची माणसं आली, तेव्हा सगळं गाव त्याचं काका-मामा झालं होतं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. बॅनरवर तो सगळ्या गावाचा, आणि पुतळा झाला की आमच्या वस्तीचा. रस्ता रुंद होणार म्हणे. मग त्याच चौकात दिवाळीच्या आधी हिंमतरावांच्या वडिलांच्या नावाची कमान उभी राहिली, ती काय रस्त्याच्या वरून तरंगणार आहे?

प्रसेनजित सुट्टीवर यायचा तो त्या चौकात उतरायचा. बॅग खाली ठेवून आधी कंबर सरळ करायचा. पाणबुडीत ताठ उभं राहता येत नाही, सर. सगळीकडे नळ्या आणि चाकं. एक झोपून उठला की दुसरा त्याच गरम गादीवर. म्हणून एसटीतून उतरलं की हात वर करून, टाचा उचलून तो लांब व्हायचा आणि चहावाला म्हणायचा, "आला बे, आला आमचा दर्यावर्दी." तो गावी पोचला तो त्या चौकात. वस्तीत आम्ही त्याला विसरू म्हणून पुतळा पाहिजे का आम्हाला? विसरणारे वरच्या आळीत राहतात.

आणि आईनं संमती दिली म्हणता. तिचे नेमके शब्द काय होते? मी तिला विचारलं. ती तुम्हाला म्हणाली, "तुमाले बरं दिसन ते करा." सर, हे वाक्य आई कधी म्हणते ते आम्हाला विचारा. बाबांनी विकायला नको ती म्हैस विकली तेव्हा म्हणाली होती. त्यानंतर ती बाबांशी महिनाभर बोलली नव्हती. तुम्ही वऱ्हाडात जन्म काढला, आणि एवढं कळलं नाही?

आता तुमचा तो किस्सा. भाषणात खुशाल सांगा, पण पूर्ण सांगा. पोरगा गंमत करत नव्हता. उन्हाळ्यात टँकर यायचा, आजही येतो. पहिला पाईप वरच्या आळीत, मग चौकात, आणि मग तळाला राहिलं तर आमच्या वस्तीत. पाचवीतल्या पोराला पाणी म्हणजे नंबर एवढंच माहीत होतं. तुम्ही तीन भाग पाणी म्हणालात तेव्हा त्याला पहिला प्रश्न तोच सुचला. तुम्ही हसलात. तो घरी येऊन आईला म्हणाला, सरांनी उत्तर दिलंच नाही.

उत्तर त्याला पुढं मिळालं. पाणबुडीत गोडं पाणी मोजून मिळतं. आंघोळीची तर बातच नाही, कधीतरी मगभर. बाकीची पोरं तोंडावर मारून संपवायची. हा त्याच मगात डोकं, अंग, सगळं करून उरलेल्यात बनियन खळबळून काढायचा. तिथल्या एका मोठ्या अंमलदारानं विचारलं, "यह कहाँ सीखा?" तर म्हणाला, "साहब, अप्रैल में हमारे गाँव आइए." मग तो सगळ्यांना शिकवायचा. त्याला तिथं नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे 'बुलढाणा' म्हणायचे. हे त्यानं आम्हाला हसत हसत सांगितलं होतं. गावानं जे त्याच्यावर लादलं, ते तिथं त्याचं हुन्नर ठरलं, आणि त्याचाही त्याला अभिमान वाटायचा. मला नाही वाटत. मला संताप येतो.

मुठीत काय द्यायचं विचारलंत ना? मग द्या. प्लास्टिकचा लाल मग. शेवटच्या सुट्टीत तो घरी विसरून गेलेला आहे. झेंडा नको.

समता


देऊळगाव राजा
२ डिसेंबर

चि. समता हिस आशीर्वाद.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिले नाही, कारण दिले असते तर कडवट दिले असते. मी तुम्हा भावंडांना शिकवले. प्रसेनजितच्या भरतीचा अर्ज माझ्या ओसरीवर भरला गेला. वासंतीने त्या दिवशी त्याच्यासाठी शिरा केला होता. आणि आज तू मला हिंमतरावांच्या पंगतीला बसवतेस, हे मला लागले.

चौकाविषयी तू म्हणतेस ते खोटे आहे असे मी म्हणणार नाही. बैठकीत कुणी काही बोलले नाही, मीही नाही. एका पुतळ्यासाठी गावात दोन तट पडू नयेत एवढाच माझा हेतू होता. गाव एकदा दुभंगले की सांधायला पिढी जाते. तुला ते बुलढाण्याच्या ग्रंथालयात बसून नाही कळायचे.

आणि तो लाल मग. अगं, काय बोलतेस? गावात हातात मग नाहीतर टमरेल घेतलेला माणूस दिसला की तो कुठे निघाला हे पोरेसोरेही जाणतात. हुतात्म्याच्या हातात ते दिले तर लोक खिदळतील. प्रसेनजितला मी हसण्याचा विषय होऊ देणार नाही. ते तुझ्या रागात तुला दिसत नाही, पण मला दिसते.

सिंधूताईंच्या बोलण्याचा अर्थ मी चुकीचा घेतला असेल तर त्यांनी मला स्वतः सांगावे. त्या सांगतील ते बैठकीत जसेच्या तसे मांडीन, हा माझा शब्द.

भालचंद्र


पांगरखोप
९ डिसेंबर

भालचंद्र सर,
जयभीम.

समता लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. तिले म्हनलं, माह्या तोंडचं हाये तसंच लिही, सुदरू नोको.

तुमी घरी आले, मी चहा पाजला. घरी आलेल्याले चहा पाजाच लागते. मी म्हनलं, तुमाले बरं दिसन ते करा. तुमाले नाई समजलं. वासंतीबाई तुमाले असं म्हनल्या असत्या त तुमी ताटावरून उठले असते.

मले पुतळा कोनी इचारला व्हता? तुमी ठरवलं, तुमी साचा आनला, तुमीच जागा हालवली. मले फक्त चहा टाकाले ठेवलं.

आमच्यात मानूस गेला का त्याची राख नदीत नाई टाकत. झाड लावतात, बोधीचं, आन राख त्याच्या मुळात घालतात. माह्या सासऱ्याचं झाड विहारापाशी हाये, त्याच्या सावलीत पोरं खेळतात. प्रसेनजितचं झाड लावाले त्याच्या बापानं खड्डा केला. रोप आनलं. मंग आमी दोघं त्या खड्ड्याजवळ बसलो. त्यात घालू काय? राख नाई, हाड नाई, एक केस बी नाई. संध्याकाळी खड्डा बुजवला. तवापासून असा कितीक डाव खड्डा केला आन बुजवला. रोप डब्ब्यातच वाळलं. एवढ्या मोठ्या पान्यात माहं लेकरू गेलं, आन इथं त्याच्या नावाचं रोप पान्यावाचून वाळलं. मी कोनापाशी बोलू हे?

आता आयका. मले पुतळा चौकात बी नोको आन वस्तीत बी नोको. मले एकच पायजे. या उन्हाळ्यात टँकर आला का पयला पाईप आमच्या वस्तीत टाका. एकच उन्हाळा. माह्या पोराच्या नावानं. मंग वरची आळी, मंग चौक. तेवढं करा, आन पुतळा तुमाले पायजे तिथं ठेवा, हातात बंदूक द्या नाईतर तोफ द्या, मी तोंड नाई उघडनार.

तुमी शब्द देला असं समता म्हनते. त वाचून दाखवजा बैठकीत. गोड करून नोका वाचू.

सिंधू शंकरराव वाकोडे


देऊळगाव राजा
२४ डिसेंबर

चि. समता,

परवा बैठक झाली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात मी सिंधूताईंचे पत्र वाचले. गोड करून वाचले नाही. खड्ड्याच्या ओळींपाशी पाणी प्यायला थांबलो. समोर जारचे थंड पाणी ठेवले होते. तो पेला तसाच बाजूला सारला.

वाचून झाले तेव्हा समोरच्या माना खाली होत्या. मला वाटले, लागले. एवढी माणसे आहेत, कुणाला तरी लागणारच. मग हिंमतराव खाकरले आणि म्हणाले, "सर, पान्यात राजकारन नोका आनू. पुतळा चौकात घ्या. बंदूक काढलीच हाये. चबुतरा बी उंच करू. पन टँकरचा नंबर जसा हाये तसा राहू द्या." आणि समता, सगळे हो म्हणाले. इतक्या लगोलग म्हणाले, की त्यांना सुटल्यासारखे झाले असावे. ज्या चौकात रस्ता रुंद होणार होता, तिथे आता रस्ता आपोआप अरुंद राहिला. ज्या जागेसाठी तू माझ्याशी भांडलीस, ती एका मिनिटात मिळाली. पाईप मात्र वीतभर हलला नाही. तोंडाला पाने पुसणे म्हणतात ते हेच.

मी म्हणालो, एकच उन्हाळा मागितलाय तिने. अर्जुनराव म्हणाले, एकदा दिला की कायमचा जातो. माझे शेवटले वाक्य असे की तुमची पोरे माझ्याकडून भूगोल शिकली याची मला लाज वाटते. मग अध्यक्षपद सोडले आणि चपला घालून निघालो. डॉक्टरांनी मला राग बंद केलाय, मीठ बंद केलेय तसा. पण आता तोच एक मला खावासा वाटतो. घरी वासंतीला सगळे सांगितले. ती एवढेच म्हणाली, "उशीर केलात, पण आलात."

गाव दुभंगू नये म्हणून मी गप्प बसलो होतो असे तुला लिहिले. गाव पहिल्यापासूनच दोन होते. एकाला पाईप होता.

समारंभाला मी जाणार नाही. तू ठरव.

भालचंद्र सर


पांगरखोप
१६ एप्रिल

आदरणीय सर,
सप्रेम जयभीम.

चार महिने लिहिलं नाही. सव्वीस जानेवारीला आई-बाबा गेले नाहीत, मीही नाही. पुतळा उभा राहिला, भाषणं झाली, हारांची रास पडली, आणि दुसऱ्या दिवशी ते हार शेळ्यांनी खाल्ले. चबुतऱ्यावर हिंमतरावांचं नाव प्रसेनजितच्या नावापेक्षा ठळक आहे. झेंडा आठवडाभर मुठीत टिकला, मग वाऱ्यानं गेला. तेव्हापासून मूठ रिकामी होती.

आता परवाचं लिहिते. चौदा एप्रिल, बाबासाहेबांची जयंती. वस्तीत जेवण होतं, विहारापुढं चुली मांडल्या होत्या. आदल्या दिवशी टँकर आला. या वर्षीचा तो पहिलाच. निदान जयंतीसाठी तरी पाईप खाली येईल म्हणून बायांनी ड्रम धुऊन ठेवले होते. तो वरच्या आळीत थांबला, चौकात थांबला, आणि आमच्याकडे आला तेव्हा पाईपातून पाण्याऐवजी वाराच आला. ड्रायव्हर बिचारा नवीन होता. तो म्हणाला, "मले काय माहीत, मले सांगतेत तिथं लावतो." शेवटी पोरांनी मोटारसायकलींवर कॅन बांधून शेतातल्या विहिरीवरून पाणी आणलं आणि वरण शिजलं.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. चौकात आली, पुतळ्यापाशी थांबली. आई मागं होती, पांढऱ्या साडीत. पुढं आली आणि तिनं पदराखालून तो लाल मग काढला. मी घरी शोधला असता तर मला मिळाला नसता, कुठं ठेवला होता कोण जाणे. एका पोराला म्हणाली, मले वर चढव. चबुतऱ्यावर चढली आणि मगाचा कान त्या मुठीच्या भोकात सरकवला. सर, तो तिथं बरोबर बसला. बंदुकीसाठी केलेलं भोक, पण मगाचा दांडा त्यात असा गेला की हलला नाही.

मग तुम्ही म्हणाला होतात तेच झालं. कमानीखाली पाच-सात जण उभे होते, ते फिदीफिदी हसायला लागले. एक जण ओरडला, "आबे, कुठी चालला बे हा?" ढोलकीवाला थांबला. आमची पोरं पुढं सरकली, आता मारामारी होणार असं मला वाटलं. आईनं हात वर केला. तिचा आवाज मोठा नाही, तुम्हाला माहीत आहे. पण सगळं थांबलं होतं म्हणून ऐकू गेला. ती म्हणाली, "कुठी नाई चालला. टँकरची वाट पाहून राह्यला थो. तुमचं भरून झालं का सांगा त्याले."

हसणं बंद झालं. मिरवणूक पुढं गेली. मीही पुढं गेले, पण मला मागं वळून बघायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी बघितलं. तिथं तो ताठ उभा होता, पांढऱ्या कपड्यांत, बाहेर आलेल्या कानांचा, हातात मग घेऊन. पहिल्यांदा मला तो पुतळा माझ्या भावासारखा दिसला. मग मी रडले, सर. आतापर्यंत नुसता राग होता, त्यात रडायला जागाच नव्हती. रडून झालं, आणि राग होता तसाच आहे.

काल सकाळी मग तिथं नव्हता. गटारात मिळाला, तळाला चिरलेला. आईनं तो धुतला. मग बाबांनी खड्डा केला, तो मग त्यात ठेवला आणि वर बोधीचं नवीन रोप लावलं. या वेळी खड्डा रिकामाच बुजवावा लागला नाही. रोपाला घालायला मी बसमधून पाण्याची बाटली आणली होती.

मूठ परत रिकामी आहे. मी उद्या बुलढाण्याला जाते, रजा संपली. एवढंच कळवायचं होतं.

समता


देऊळगाव राजा
२३ एप्रिल

प्रिय समता,

तुझे पत्र आले त्याच दिवशी बाजारात गेलो. लाल मग कुठे मिळेनात, आता सगळे निळे निघाले आहेत. शेवटी बालाजीच्या देवळामागच्या एका जुन्या दुकानात मिळाले. दुकानदार ओळखीचा, म्हणाला, "सर, एवढे मग कशाला?" मी म्हणालो, गावाला पाहुणे खूप आहेत.

आज सकाळच्या बसने पांगरखोपला उतरलो. चहावाल्याकडून स्टूल मागून घेतले. माझा तोल जाईल म्हणून त्याने माझे धोतर धरले होते, ते दृश्य वासंतीने पाहिले असते तर वर्षभर पुरले असते. एक लाल मग मुठीत बसवला आणि तारेने मनगटाला आवळून बांधला. पक्कड घरूनच नेली होती.

मी स्टुलावरच होतो तेव्हा टँकर आला. तोच नवीन ड्रायव्हर. गाडी थांबवून त्याने विचारले, "काका, हे काय हाये?" तोवर हिंमतरावही कमानीखाली येऊन उभे राहिले होते. त्यांनीही तेच विचारले, जरा वेगळ्या आवाजात. मी वरूनच सांगितले, "नंबर लावलाय. वाकोड्यांचा प्रसेनजित. पाचवीत असताना याने मला विचारले होते, समुद्रात पाण्याला नंबर लावावा लागतो का. तिथे लागत नसेल, हिंमतराव, पण इथे लागतो. आणि तो सगळ्यांच्या आधी येऊन उभा आहे."

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे. हिंमतरावांनी हाताने वरच्या आळीची दिशा दाखवली. गाडी वर गेली. पहिला पाईप तिथेच पडला, खोटे कशाला सांगू.

मी वस्तीत गेलो. टँकर पोचला तेव्हा तळ वाजत होता, तरी यावेळी दोन ड्रम भरले. ड्रायव्हरने वर थोडा हात राखला असावा, मी विचारले नाही. तुझे बाबा रोपापाशी बसले होते. सिंधूताईंनी मला पाणी दिले, तांब्या भरून, वर पेला. मला ते पिताही येईना आणि परत करताही येईना. त्या म्हणाल्या, "प्या सर. आज चहा नाई पाजत." मी अर्धा पेला प्यालो आणि उरलेले पाणी रोपाला घातले. त्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला तो हळूच घेतला.

टँकर उद्याही आहे, सकाळी. त्याच्या आधी चौकात पोचायचे म्हणजे पहिली बस धरायला हवी. म्हणून पत्र इथेच थांबवतो. लाल मग अजून तीन घेऊन ठेवले आहेत. काढून टाकला तर दुसरा हाताशी असावा.

तुझा,
भालचंद्र सर